हातांवरचे रेणू

ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवत असे, त्याच्या तीन बाजूंना यंत्रमागांचे कारखाने होते आणि चौथ्या बाजूला रस्ता. रस्ता हीच त्यातल्या त्यात शांत बाजू. वर्गाच्या खिडक्या उघडल्या की मागांचा खडखडाट आत येई, आणि त्याच्या पाठोपाठ सुताला लावायच्या खळीचा वास. जुन्या पेजेसारखा, किंचित आंबूस, कोमट. खिडक्या लावल्या तर वास कमी होई, आवाज होत नसे. तो भिंतींतून येई, बाकांच्या पायांतून चढे. टेबलावर हात ठेवला तर तो तळहातालाही जाणवे. खडूच्या पेटीवर, मुलींच्या वेण्यांवर, माझ्या साडीच्या निऱ्यांत कापसाचे तंतू बसलेले असत, आणि उन्हाची तिरीप आली की तेच तंतू हवेत सावकाश तरंगताना दिसत. ते दृश्य सुंदर होते. ते श्वासातून आत जाते हे ठाऊक असूनही सुंदर होते.

माझे वडील त्याच गावात शाळेत मराठी शिकवत. त्यांनी मला लहानपणी वृत्ते शिकवली ती टाळीवर. कुठे थांबायचे, कुठे श्वास घ्यायचा, कोणते अक्षर जड आणि कोणते हलके, हे मला पाढ्यांच्या आधी कळू लागले. पुढे मी रसायनशास्त्र घेतले, कारण त्या विषयाच्या शिक्षकांना नोकरी मिळत होती. याबद्दल घरात कोणी रडले नाही, मीही नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मात्र माझा कान त्या खडखडाटात वृत्त शोधत राही. दुसऱ्या वर्षापासून त्याने शोधणे सोडले. आवाज फक्त आवाज उरला, आणि त्याच्यावरून माझा आवाज पोहोचवण्याचे काम.

ऐंशीचे दशक संपत आले तोवर माझा घसा गेला होता. सकाळचे तास संपवून घरी यावे, तर भाजीवालीशी बोलायलाही स्वर निघत नसे. घशाच्या डॉक्टरांनी आरशाची काडी आत घालून पाहिले आणि ते म्हणाले, "बाई, गाता का तुम्ही?"

"शिकवते."

"कुठे?"

मी जागा सांगितली. त्यांनी मान हलवली आणि काडी पाण्याच्या वाटीत टाकली. "मग गाण्यापेक्षा वाईट. बोलू नका."

शिकवणाऱ्या बाईला बोलू नका म्हणणे सोपे होते. अकरावीत रेणूंचे आकार हा धडा नुकताच सुरू व्हायचा होता, आणि तो धडा आवाजाशिवाय शिकवता येईल असे मला वाटत नव्हते. पुस्तक इंग्रजीत, मुले मराठीत, मागच्या बाकांवरची काही हिंदीत. या तिघांच्या मध्ये उभे राहून मिथेनचा रेणू सपाट नाही हे पटवायचे, ही दरवर्षीची लढाई होती. फळा सपाट असतो. त्यावर कार्बन काढून चारी दिशांना हायड्रोजन लिहिले की फुली तयार होते, आणि मुले तिच्यातला कोन नव्वद अंशांचा सांगतात. सगळीकडेच सांगत असतील. पण आमच्या मुलांचा विश्वास जास्त पक्का होता. ज्या गावात घरोघरी ताणा उभा आणि बाणा आडवा जातो, तिथे दोन गोष्टी एकमेकींना काटकोनातच भेटणार. एका मुलाने मला समजावले होते, "मॅडम, तिरकं गेलं तर कापड वाया जातं ना." मी त्याला सांगितले की कार्बनला कापड विणायचे नाही, त्याला चार हायड्रोजन एकमेकांपासून होतील तितके दूर ठेवायचे आहेत, आणि सपाट जागेत ते जमत नाही. तो हसला. परीक्षेत त्याने नव्वदच लिहिले.

घसा पूर्ण बसला त्या दिवशी मी वर्गात गेले आणि फळ्यावर लिहिले, 'आज मला बोलता येणार नाही.' मागच्या बाकांवर खसखस पिकली. माझ्या लक्षात आले की ती मुले कितीतरी वेळ एकमेकांशी बोलत होती, आणि त्यातला एक शब्दही मला ऐकू आला नव्हता. ओठ हलत होते, बोटे हलत होती, भुवया चढत-उतरत होत्या. कारखान्यात मागाच्या आवाजावरून ओरडून कोणाचे भागत नाही; तिथे धागा तुटला, चहा आला, मालक येतोय, हे सारे हातांनी आणि ओठांनी सांगतात. ज्यांच्या घरात माग, त्यांच्या घरातही तीच रीत. माझ्या तासाला वर्षभर माझ्याबद्दल काय काय बोलले गेले असेल, या कल्पनेने मला हसू आले.

पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून जवळ आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "मॅडम, तुम्ही नुसते ओठ हलवा. आम्हाला कळतं."

मग मी ओठ हलवले, आणि ओठांना जे जमेना ते हातांनी केले. दोन्ही हात आडवे ताणले की कार्बन डायऑक्साइड. तीन बोटे टेबलावर सपाट, एकमेकींपासून सारखी दूर पसरली की बोरॉन ट्रायफ्लोराइड. अंगठा वर आणि तीन बोटे तिवईच्या पायांसारखी खाली, तो मिथेन. अंगठा मिटला आणि त्या जागी दुसऱ्या हाताची मूठ ठेवून दाबली की बोटे जराशी जवळ येतात, तो अमोनिया. मूठ म्हणजे बंधात भाग न घेणारी इलेक्ट्रॉनांची जोडी, पुस्तकातली 'लोन पेअर'. ती कोणाला धरत नाही, पण जागा अडवते, बाकीच्यांना रेटते. अशा दोन जोड्या रेटू लागल्या की उरतात दोनच बोटे, आणखी जवळ आलेली, ते पाणी. वर्गात साठ जोड हात वर होते आणि साठ अमोनिया एकाच वेळी दाबले जात होते. खडखडाट चालू होता. माझा घसा दुखत नव्हता. कित्येक महिन्यांत प्रथमच मला तास संपू नये असे वाटले.

नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षे मी अशीच शिकवली. घसा पुन्हा कधी पूर्ण बरा झाला नाही, आणि तो पुरवून वापरायची ही युक्ती मला मिळाली होती.

जिची ही गोष्ट, ती मुलगी याच वर्षांतली. डोंगराकडच्या आदिवासी पाड्यावरून आली होती. आईवडिलांची थोडी भातशेती, बाकी मजुरी. गावातल्याच कामतघर भागात मावशीकडे राही. मावशी कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे बाण्याचे सूत लाकडी कांडीवर गुंडाळायचे काम करायची, आणि तिच्या एकुलत्या खोलीची मागची भिंत त्याच कारखान्याची होती. मुलगी वर्गात कधी बोलत नसे. सुरुवातीला एकदा तिने मला "लिवलं हाय, मॅडम" असे उत्तर दिले होते आणि गावातल्या चार मुली तोंडावर ओढणी धरून हसल्या होत्या. त्यानंतर ती गप्प झाली. पण आकारांचा धडा आला आणि तिचे हात साऱ्या वर्गाच्या पुढे गेले. तिची बोटे लांब, काळीसावळी, सांध्यांशी भक्कम होती आणि ती कोन चुकत नसत. मी ओठांनी नुसते 'पाणी' म्हटले की तिची दोन बोटे योग्य तेवढी मिटत. वर्गातल्या इतरांपेक्षा किंचित जास्त, जशी ती खरोखर मिटायला हवीत. त्या गोंगाटात तिचे बोलणे ऐकू येत नव्हते, म्हणून कोणी हसतही नव्हते. तिला तो गोंगाट आवडत असावा.

बारावीच्या वर्षी एक दिवस प्रयोगशाळेत ब्युरेट धुता धुता तिने मला सांगितले की तिला नर्सिंगला जायचे आहे. ओठांनीच सांगितले. बारावी शास्त्र शाखेतून उत्तीर्ण व्हायला हवे होते, आणि तेही पहिल्याच खेपेला. मावशीच्या मुलाचे लग्न ठरले होते. उन्हाळ्यात सून त्या एका खोलीत यायची होती आणि मग भाचीला तिथे जागा नव्हती. नापास झाली तर पाडा, शेत, मजुरी. लेखी पेपरात ती काठावर होती. इंग्रजी वाक्ये तिच्या हाती लागत नसत. प्रात्यक्षिकाच्या गुणांनीच ती तरली तर तरणार होती. तिचे टायट्रेशन चांगले होते, क्षार ओळखणे त्याहून चांगले. तोंडी परीक्षा उरली होती.

आमच्या गावात शुक्रवारी कारखाने बंद असत. त्या दिवशी त्यांची वीज तोडलेली असे आणि कित्येकदा आमचीही. पंखे थांबत, घाम सुरू होई आणि सारे गाव एकाएकी बहिरे झाल्यासारखे वाटे. कावळा ऐकू येई. लांबच्या हातगाडीचे चाक ऐकू येई. अशा एका शुक्रवारी मी सरावाची तोंडी परीक्षा घ्यायला बसले. ती समोर आली. मी विचारले, "अमोनियाचा आकार सांग."

तिने अंगठा मिटला आणि मूठ ठेवली. ओठ हलले.

"मोठ्यानं सांग."

ओठ पुन्हा हलले.

"अगं, बोल ना."

ती गोंधळली. "बोलले की, मॅडम."

"मला ऐकू नाही आलं."

"पण ओठ हलवले मी."

प्रयोगशाळेतले परिचर काका स्पिरिटचे दिवे पुसत बसले होते. ते वर न बघता म्हणाले, "छान. आता नर्स होईल नि पेशंटला खुणेनं विचारेल, कुठं दुखतंय. पेशंट पण खुणेनंच मरेल."

"काका, तुम्ही तुमचे दिवे पुसा."

"पुसतोय, मॅडम. बाहेरचे सर येणार आहेत, त्यांना आपली मुकी भाषा येत नाही, एवढंच म्हणतो."

ते खरे होते. परीक्षक बाहेरगावचे असत. मी इतर मुलांनाही त्याच दिवशी विचारून पाहिले. बहुतेकांचे हात आधी वर आले, पण हातांमागून शब्दही आले, अडखळत का होईना. हिच्या बाबतीत हातांनंतर काहीच येत नव्हते. शांततेत तिचा स्वर उघडा पडे आणि त्या उघडेपणाची तिला भीती वाटत होती.

त्यानंतरचे शुक्रवार मी तिला दिले. पंखा नसलेल्या खोलीत, खिडकीशी, टेस्ट ट्यूबांच्या स्टँडच्या दोन बाजूंना आम्ही दोघी बसत असू. खरे सांगायचे तर मला घरी जायचे असे. पाय सुजलेले असत, घशात काचेचा चुरा असावा तसे टोचत असे, आणि घरी रात्रीचा स्वयंपाक वाट पाहत असे. मी तिला हात मांडीखाली ठेवायला लावी. "हातांवर बस," मी म्हणे, आणि ती खरोखर हातांवर बसे, झोपाळ्यावरच्या लहान मुलीसारखी.

"पाण्याचा रेणू कसा आहे?"

"वाकडा हाय." लगेच मान खाली. "आहे. वाकडा आहे."

"सरळ का नाही?"

"दोन लोन पेअर हाय... आहेत. ते..." आणि मांडीखालचे हात सुटायला धडपडत. हात अडले की शब्द अडत, आणि 'आहे' शोधायला गेली की पुढचे सारे हरवत असे. मी तिला दुरुस्त करत राहिले, कारण मला परीक्षकांच्या चेहऱ्यावरचे हसू आधीच दिसत होते. ती घामाने भिजून जाई. अर्ध्या तासाने आम्ही दोघीही दमून गप्प बसत असू आणि ती शांतता मात्र दोघींनाही बरी वाटत असे.

एकदा तिने विचारले, "मॅडम, जे बंधात न्हाय, ते का रेटतं?"

मी पुस्तकातले उत्तर दिले. बंधातली जोडी दोन केंद्रकांच्या मध्ये ताणलेली असते. एकटी जोडी एकाच केंद्रकाजवळ पसरून बसते, म्हणून तिला जागा जास्त लागते. ती विचारात पडली. मीही पडले. ओळीत जे उच्चारले जात नाही, त्या थांब्यामुळे ओळ वळते, हे वडिलांनी मला टाळीवर शिकवले होते. पण हे तिला सांगण्याइतका घसा त्या दिवशी उरला नव्हता, आणि तिच्या परीक्षेला त्याचा उपयोगही नव्हता.

प्रात्यक्षिकाच्या तारखा आल्या. आमच्या तुकडीचा दिवस शुक्रवार निघाला. इतर कॉलेजांतल्या शिक्षकांना असा दिवस मिळता तर ते खूश झाले असते. मी तारीख वाचली आणि खुर्चीवर बसले.

परीक्षक वयस्क होते. पांढरा अर्धा शर्ट, खिशात दोन पेनं, रुमाल मानेशी. त्यांनी आल्या आल्या विचारले, "एवढं शांत कसं काय? मी तर ऐकलं होतं, तुमच्याकडे कान फाटतात." काका म्हणाले, "सर, आज कानांना सुट्टी." ते हसले, आणि वीज नाही म्हटल्यावर हसायचे थांबले. दुपारपर्यंत त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होते. अंतर्गत परीक्षकाने मध्ये बोलायचे नसते.

ती आली तेव्हा तिचे हात पाठीमागे बांधलेले होते. तिने स्वतःच बांधले होते, एका हाताने दुसऱ्याचे मनगट धरून.

"हं. पाण्याच्या रेणूचा आकार सांग."

ओठ हलले.

"काय?"

पुन्हा ओठ हलले. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिले. मी टेबलाकडे पाहिले. टेबलावर पोटॅशियम परमँगनेटचा एक जुना जांभळट डाग होता, कडेला तपकिरी झालेला. मी त्याच्यावरून नजर उचलली नाही, कारण उचलली असती तर माझेही ओठ हलले असते, आणि ते तिने वाचले असते.

"येत नाही का? नसेल येत तर नाही म्हण, पुढचं विचारतो."

तिचा उजवा हात सुटला. दोन बोटे पसरली, डाव्या हाताच्या दोन मुठी करता येत नाहीत म्हणून तिने डावा तळवाच वर दाबला आणि बोटे जवळ आणली.

"हे हातवारे नकोत," परीक्षक म्हणाले. रागाने नाही, दमून. "तोंडी परीक्षा आहे, बाळ. तोंडानं सांग."

बाहेर कोणीतरी शटर ओढले. त्या शांत गावात तो आवाज फार मोठा वाटला, आणि तो विरायच्या आत ती बोलली. तिच्या पाड्यावर शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारावी इतक्या मोठ्याने.

"पाणी सरळ न्हाय, सर! वाकडं हाय!"

बाहेर रांगेत उभ्या असलेल्या मुली हसल्या. तिने ते ऐकले. मी तिला ऐकताना पाहिले. पण एकदा सुटलेला स्वर आता तिलाही आवरता येत नव्हता. "दोन हायड्रोजन धरल्यात ऑक्सिजननं. आन दोन लोन पेअर नुसत्याच बसल्यात, कोणाला न धरता. त्यांना जागा जास्ती लागते. त्या दाबतात. म्हणून हायड्रोजन जवळ येतात. एकशे साडेचार अंश. दाबलं नसतं तर मिथेनवानी झालं असतं."

परीक्षकांनी रुमालाने मान पुसली. "अमोनियात?"

"एकच बसलीय, म्हणून कमी दाब. एकशे सात."

"आणि कार्बन डायऑक्साइड सरळ का?"

ती थांबली. हे मी तिच्याकडून म्हणवून घेतले नव्हते. तिने हात आडवे ताणले, मग आठवण होऊन खाली घेतले. "कार्बनवर बसलेलं कोणीच न्हाय," ती म्हणाली. "मंग कोण रेटणार?"

"बरोबर." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि पाण्याचा पेला उचलला. "पुढची." ती गेल्यावर माझ्याकडे वळून ते म्हणाले, "केवढा आवाज हो. वर्गात पण असंच बोलते?" मी नाही म्हणाले. त्यांनी ते विनोदाने घेतले.

त्या दिवशी मी घरी जाऊन पडले ती उठलेच नाही. आनंद झाला होता असे म्हणता येणार नाही. मी इतके शुक्रवार तिला 'आहे' शिकवत बसले होते आणि ती 'हाय' म्हणून सुटली होती. याचे मला हसूही आले नाही, वाईटही वाटले नाही. अंगातून काहीतरी काढून घेतल्यासारखे वाटत होते, दात काढल्यावर वाटते तसे.

निकाल लागला तेव्हा ती उत्तीर्ण होती. लेखीत भय होते तसे गुण कमीच पडले होते. प्रात्यक्षिकाने तिला वर उचलले होते. गुणपत्रक घ्यायला ती आईला घेऊन आली. आई लहानखुरी, साडी गुडघ्याच्या जरा खाली, पायांना वाळलेल्या चिखलाचा पांढरा पट्टा. पेरणी चालू असावी. ती माझ्यासमोर खुर्चीवर बसेना. उंबऱ्याशी उकिडवी बसली. कारखाने चालू होते, म्हणून मी वाकून तिच्याजवळ बोलले.

"पास झाली. चांगली झाली."

"पास म्हंजे ती तिकडं जाणार? नर्शीच्या शाळेत?"

"हो. तिथंच राहायचं. राहायची, जेवायची सोय असते."

तिने लेकीकडे पाहिले. लेक गुणपत्रकाला सुरकुती पडू नये म्हणून ते वहीत घालत होती.

"लावणीला येल का?" आईने मला विचारले. लेकीला नाही, मला. जणू ती आता माझ्या ताब्यात होती.

"या वर्षी येईल बहुतेक. शाळा नंतर सुरू होते."

"आन पुढल्या?"

मी उत्तर जुळवत होते. माझ्याआधी मुलगीच बोलली. त्या खडखडाटातही तिने ओठ नुसते हलवले नाहीत. आईला ओठ वाचता येत नव्हते. ती आईच्या कानाशी वाकली आणि स्वच्छ, सावकाश म्हणाली, "पुढल्या सालापासून माझा भरोसा धरू नको, आये."

 आईने पदराने तोंड पुसले, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "मंग लावणीला एक बाई बघून ठेवाया लागंल." मला हात जोडले. दोघी जिना उतरून गेल्या. पाड्याकडे जाणारी एस.टी. दुपारी एकच होती.

घंटा झाली. अकरावीची नवी तुकडी वर्गात येऊन बसली होती. मी घोटभर कोमट पाणी प्याले आणि उठले.